फायलीचा कान

आम्रपाली बनसोडे डूख धरायची, हे रहिमतपुरात तिच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौथीत असताना एका मुलीनं तिची पाटी फोडली होती. त्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्यावर, ऐन जेवणाच्या पंगतीत, हिनं ती पाटी काढलीच. नवरी रडली की हसली, हे दोन्हीकडची माणसं अजून दोन तऱ्हांनी सांगतात. एरवी मुलगी शहाणी, कामाला वाघ, बोलायला गोड. पण कुणी विनाकारण वाकड्यात शिरलं की ती ते विसरत नसे, आणि विसरावं असं तिला वाटतही नसे.

अशा बाईच्या वाटेला भाऊसो जगदाळे गेले. जायला नको होतं.

१९९२ साली ती एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागली. कारखान्याचं नाव सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही, तेव्हा ते राहू द्या. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, आत कधीच बंद न होणारं एक मोठं मशिन, त्याला जोडलेले चार पडदे आणि चपला बाहेर काढा अशी पाटी. शेतकऱ्यानं ऊस लावला की लागणीची तारीख तिथं नोंदवायची. ज्याची लागण आधी, त्याला तोड आधी. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढच्या पिकाला रान मोकळं होत नाही. म्हणून त्या एका फायलीवर चार हजार घरांचा डोळा असायचा. त्यातली जवळजवळ प्रत्येक तारीख आम्रपालीनं स्वतःच्या बोटांनी भरलेली होती, आणि निम्म्या तरी तिला तोंडपाठ होत्या.

भाऊसो जगदाळे हे विभागाचे प्रमुख. स्टोअरमधून इकडे आलेले, पुण्याला तीन महिन्यांचा कोर्स केलेले, उंच, गोरे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माणूस कामापुरता हुशार होता. पण ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ते म्हणायचे, "त्यो अडकणारच हुता, मी बघूनच ठेवलं हुतं." उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. आम्रपाली मनात हसायची आणि कागद काढून द्यायची.

९४ सालच्या नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला आणि चौथ्याच दिवशी वडूजकडचा बिराप्पा कारखान्यावर आला. मेंढरं राखणारं घर, पहिल्यांदाच दीड एकर ऊस लावलेला. लागणीची पावती त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधली होती. ती काढून त्यानं खिडकीत आपटली.

"माजी लागण गेल्या सालच्या जूनची. त्या नदीकाठच्या बागायतदाराची आगष्टची. त्याच्या रानात कोयता लागला आन् मला म्हंता थांब? कुटला न्याय ह्यो?"

आम्रपालीनं पडद्यावर पाहिलं. बागायतदाराची तारीख जूनची दिसत होती. ही तारीख तिनं भरलेली नव्हती. ऑगस्टची भरल्याचं तिला पक्कं आठवत होतं. तिनं तिथल्या तिथं भाऊसोंना सांगितलं. तिथंच ती चुकली. चोराला जाऊन सांगितलं, चोरी झाली म्हणून.

बोभाटा झाला. तपासलं तेव्हा एक्केचाळीस जणांच्या तारखा दोन-दोन महिने मागं सरकवलेल्या निघाल्या, सगळे वजनदार. केलं कुणी? भाऊसोंनी दुसऱ्या दिवशी एक कागद छापून संचालकांपुढं ठेवला. मशिनमध्ये प्रत्येक फायलीच्या नावासमोर ती शेवटची कधी बदलली याची तारीख उमटते. लागणीच्या फायलीसमोर उमटलं होतं : तेरा ऑक्टोबर, अकरा वाजून वीस मिनिटं.

तेरा ऑक्टोबरला खंडेनवमी होती.

आता खंडेनवमीला आपल्याकडं कुणी हत्याराला हात लावत नाही. नांगर, पहार, शिवणयंत्र, ट्रकचं स्टिअरिंग, ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची आणि दिवसभर त्याला विसावा द्यायचा. कारखान्यात तर बॉयलरपासून पानापक्कडीपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. संगणकाच्या पडद्यांनाही झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून, साडेनऊला खोलीचं दार ओढून घेतलेलं. दाराच्या किल्ल्या दोन. एक भाऊसोंकडं, एक आम्रपालीकडं.

भाऊसोंच्या लेखी अहवालातलं वाक्य आम्रपालीला शेवटपर्यंत पाठ होतं. ‘सदर दिवशी यंत्रपूजा असल्याने कोणीही कर्मचारी यंत्रास हात लावत नाही. कु. बनसोडे या पूजा मानत नसल्याने त्या दिवशी काम करण्यास त्यांना अडचण नव्हती.’ खाली सही, आणि त्याखाली आणखी एक ओळ : ‘संगणकाचे घड्याळ अचूक असून मशिन खोटे बोलत नाही.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण ही बोंब साधी नव्हती. हिच्यात जात होती आणि ती पूजेच्या ताटाखाली झाकून आणलेली होती. खोलीतल्या बाकीच्या तिघांनी तो कागद वाचला आणि मान हलवली. त्यांनाही ते पटलं, कारण ते स्वतः त्या दिवशी मशिनला हात लावणार नव्हते, आणि ही लावू शकली असती. तेवढंच पुरलं. त्याच दिवशी आम्रपालीला बाहेर शिपायाशेजारच्या बाकावर बसवून निलंबनाचा कागद हातात दिला.

एक गोष्ट मात्र भाऊसोंना ठाऊक नव्हती. शेजारी दोन वर्षं बसणाऱ्या मुलीच्या घरी दसऱ्याला काय असतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. पूजा मानत नाही म्हणजे रिकामी असणार, एवढा त्यांचा हिशेब. दसऱ्याला आम्रपालीच्या घरची माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षी तर दसरा नेमका चौदा ऑक्टोबरलाच आला होता, छप्पन साली आला होता तसा. आळीतले सतरा जण बुधवारी संध्याकाळीच साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघाले होते. गुरुवारी, खंडेनवमीला, अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्रपाली अकोल्याच्या आसपास, आईचं गाठोडं मांडीवर घेऊन, डब्यात दाराशी बसलेली होती.

जानेवारीत चौकशी बसली. चौकशी अधिकारी साताऱ्याचे एक निवृत्त वकील, स्वभावानं वाईट नाहीत, पण कागदाबाहेर काही असतं यावर विश्वास नसलेले. आम्रपालीनं आईला साक्षीला नेलं. रंगुबाई बनसोडे, बालवाडीत मदतनीस, पंचावन्न वर्षांची. पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तिकिटं कुठं आहेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आवं, ती भाईर पडताना फाटकावर घेत्यात की."

"मुलगी गाडीत होती हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलं?"

"डबा भरून लोकं हुती, सायेब."

"ती सगळी तुमचीच ना?"

रंगुबाईला या प्रश्नातली मेख कळली नाही. ती अभिमानानं म्हणाली, "व्हय, आमचीच."

अधिकाऱ्यांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं : साक्षीदार कर्मचाऱ्याची आई असून हितसंबंधी आहे, साक्ष विश्वासार्ह नाही. भाऊसो समोर बसून पेनाचं टोपण लावत-काढत होते. रंगुबाईनं सांगितलेल्या जागी सावकाश सही केली. प्रौढ शिक्षणात शिकलेली सही, प्रत्येक अक्षराला दम घेणारी.

परतताना एसटी स्टँडवर तिनं विचारलं, "विश्वासार्ह म्हंजी काय गं?"

"खरं बोलनारं मानूस."

"आन् त्यानं फुडं न्हाई म्हनलं न्हवं?"

त्या दिवसापासून रंगुबाई नागपूरचं नाव काढीना. एरवी वर्षभर सांगायची, कोण भेटलं, कुणी भाकरी दिली, गर्दीत चप्पल कशी हरवली. आता कुणी विषय काढला की म्हणायची, "मी काय सांगू? माजा शबुद इस्वासाचा न्हाई." आणि भांडी घासायला उठायची.

निलंबित केलं याचा आम्रपालीला राग होताच. पण तिचं रक्त उकळलं ते या वाक्यानं. आईला खोटारडी ठरवून, तिच्याच हातानं तिची सही त्याखाली घेतली होती. तिनं ठरवलं की नुसतं निर्दोष सुटायचं नाही. भाऊसोंनी सगळ्यांदेखत, आपल्याच हातानं, आपलं पाप उघडं करायचं. आपण शिपायाशेजारच्या बाकावर बसलो, तसं त्यांनीही बसायचं. हे कसं करायचं याचा मात्र तिला बूड ना शेंडा काही सापडत नव्हता.

ती सांगलीला गेली. तिथं एका खाजगी क्लासात सकाळी मुलांना टायपिंग शिकवायचं आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी ‘सी’ भाषेच्या वर्गात फुकट बसायचं, असं ठरलं. त्या क्लासातलं मशिन कारखान्यातल्याच बनावटीचं होतं, म्हणून तिनं तो क्लास निवडला होता. फरक एवढाच, की स्वतःचे प्रोग्रॅम तयार करायची सोय कारखान्याच्या मशिनवर नव्हती आणि इथं होती.

शिकवायला तानाजी सर. जतकडचे, धनगर घरातले, पोलीस भरतीत छाती भरली नाही म्हणून संगणकाकडं वळलेले. वर्गात शुद्ध बोलायला सुरुवात करायचे आणि रंगात आले की गावावर जायचे. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर चार अक्षरं लिहिली : stat.

"फाईल म्हणजे नुसता आतला मजकूर नव्हे," ते म्हणाले. "मशिन परत्येक फायलीमागं एक टिपण ठेवतं. कुणाची, केवढी, कवा वाचली, कवा बदलली. ही आज्ञा दिली की ते टिपण तुमच्या हातात येतं. फाईल उघडायची गरज न्हाई, आत डोकवायची गरज न्हाई. आमच्यात मेंढरू कुणाचं हे लोकर बघून सांगत न्हाईत. लोकर रंगवता येती. कान बघत्यात. कानाची खूण पुसता येत न्हाई."

आम्रपालीनं हात वर केला. "सर, बदलल्याची तारीख खोटी पाडता येती का?"

"येती की. एक शब्द टाईप केला की तारीख पायजे तेवढी मागं."

तिनं वही मिटली. "मग झालंच की सगळं."

"कसं झालं? तारखा तीन असत्यात, ताई. वाचल्याची, बदलल्याची, आन् तिसरी टिपणाची सोताची. टिपणात कुणी बोट घातलं, तारीख मागं नेली, मालक बदलला, की त्या घडीची येळ मशिन तिसऱ्या जाग्यावर लिहितं. ती लिहायचा हुकूम कुणालाच दिलेला न्हाई. प्रमुखाला बी न्हाई." सर खडू हातात फिरवत म्हणाले, "त्यो कान."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि लागायला नकोच होती. खंडेनवमीची तारीख ही लोकर होती. मग कान काय सांगतोय?

आणि फायलीला त्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता! कारण भाऊसोंनीच ती पुरावा म्हणून जागच्या जागी ठेवली होती. रोजच्या कामाला तिची नक्कल काढली आणि मूळ फायलीबद्दल नोटीस चिकटवली : ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत हात लावू नये.’ आपल्याच पापावर आपणच पहारा बसवला होता. पण त्यांना नुसता वास जरी लागला, तरी एका शब्दात ते तो कान कापून टाकणार होते. फायलीला एकदा पुन्हा शिवलं की तिसरी वेळ नवी झाली, जुनी गेली. म्हणून आम्रपालीनं तोंडाला कुलूप घातलं. आईलासुद्धा सांगितलं नाही.

तिनं तानाजी सरांना सारी हकिगत सांगितली ती एप्रिलमध्ये, त्यांनी तीनदा खोदून विचारल्यावर.

सर म्हणाले, "तिसरी तारीख बघायला साधी आज्ञा बी हाय मशिनमधी."

"मला ठावं हाय. पण सा म्हयनं उलटलं की ती नुसता दिवस दावती, येळ दावत न्हाई. जो दिवस निघंल त्या दिवशी हजेरीपटावर मी बी असणार आन् त्यो बी. मला तास पायजे, मिन्टं पायजे."

"मग लिव्हा सोता."

तिनं लिहिलं. पंचवीस ओळी, पण त्या पंचवीस ओळींनी तिचा महिना खाल्ला. पहिल्यांदा मशिन आदळलं, कारण टिपण कुठं ठेवायचं तो पत्ताच तिनं दिला नव्हता. मग चाललं, तर उत्तर आलं : एक जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. ती म्हणाली, "सर, ह्या फायलीला मी पाळन्यात असताना हात लावलाय बगा."

सर हसले नाहीत. "नाव चुकीचं टाकलंय तुमी. फाईल घावलीच न्हाई, तरी उत्तर छापलं. आधी विचारायचं, घावली का न्हाई? न विचारता छापलं की मशिन शून्याचं बी काहीबी सांगतं."

हे तिला चौकशी अधिकाऱ्यांना सांगावंसं वाटलं. तिनं ती ओळ घातली. मग तिन्ही वेळा सेकंदांतून काढून वार, तारीख, तास, मिनिटं अशा छापल्या. क्लासातल्या पन्नास फायलींवर पडताळून पाहिल्या, तारखा मुद्दाम मागं नेऊन पाहिल्या. लोकर दर वेळी फसवायची. कान एकदाही फसला नाही.

प्रोग्रॅमला नाव काहीतरी द्यावं लागतं. तिनं तीन इंग्रजी अक्षरं दिली : sud. सूड. सरांनी पाहिलं आणि फळा पुसायला वळले.

चौकशीच्या तारखा पडत पडत जुलै आला. पंच्याण्णवच्या जुलैतल्या एका मंगळवारी आम्रपाली आईला घेऊन कारखान्यावर गेली. "मला पुन्यांदा कशाला नेतीस? माजं कोन ऐकनार हाय?" म्हणून रंगुबाई वाटभर कुरकुरली. आम्रपालीनं अर्ज साधाच केला होता : ‘फाईल न उघडता तिची नोंद पाहण्यास मिळावी.’ फाईल उघडायची नाही म्हटल्यावर हरकत घ्यायला जागा नव्हती.

संगणकाच्या खोलीत अधिकारी, दोन संचालक, कारकून आणि भाऊसो. रंगुबाई दाराशी, चपला हातात धरून उभी.

"बनसोडे, तुम्हाला मशिनला हात लावता येणार नाही," अधिकारी म्हणाले. "तुम्ही निलंबित आहात."

"मला लावायचा न्हाईच, साहेब. जगदाळे साहेबांनीच टाईप करावं. त्यांच्याइतकं जाणकार दुसरं कोण हाय?"

तिनं प्रोग्रॅमची फ्लॉपी पुढं ठेवली. भाऊसोंनी ती उलटीपालटी करून पाहिली. "भाईरची फ्लॉपी हाय. व्हायरस असंल."

तिनं पंचवीस ओळींचा छापील कागद पुढं केला. "ह्यो सगळा प्रोग्रॅम. साहेबांनी वाचावा. काय वावगं असलं तर सांगावं."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. चार महिने तिनं या एका क्षणावर सगळं लावलं होतं. या माणसाला ‘सी’ची एक ओळ वाचता येत नाही, आणि येत नाही हे तो दोन संचालकांपुढं म्हणणार नाही. भाऊसोंनी चष्मा लावला. कागदावर वरून खाली पेन फिरवलं. मधे एकदा ‘हं’ केलं.

"साधाच हाय," ते म्हणाले. "काय वावगं न्हाई."

आम्रपालीला आनंद लपवायचा होता. ती खाली बघत राहिली.

"घड्याळाचं आधी बघू," ती म्हणाली. भाऊसोंनी मशिनची वेळ काढली, अधिकाऱ्यांनी मनगटाशी ताडून पाहिली. दोन मिनिटांचा फरक, तोही मनगटाचा. मग भाऊसोंनी फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम उतरवून घेतला.

"आता काय टाईप करू?"

"एस. यू. डी."

त्यांची बोटं कळफलकावर थांबली. तिच्याकडं पाहिलं. "ह्ये काय नाव?"

"नावच हाय, साहेब. दाबा. फुडं फायलीचं नाव."

त्यांनी दाबलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. वाचल्याची वेळ. बदलल्याची वेळ : गुरुवार, तेरा ऑक्टोबर, अकरा वीस. आणि तिसरी : शनिवार, एकोणतीस ऑक्टोबर १९९४, सोळा बेचाळीस.

"ही तिसरी कसली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तेरा तारीख ह्या फायलीवर कवा चिकटवली, त्याची येळ हाय ही." आम्रपालीनं पडद्याकडं बोट केलं. "खंडेनवमीला कुणीबी फायलीला हात लावला न्हवता. सोळा दिवसांनी, शनवारी दुपारी चार बेचाळीसला, कुणीतरी टिपणात हात घातला आन् तारीख मागं नेऊन ठेवली. मशिनला तारीख खोटी सांगता येती. कवा सांगितली ते लपवता येत न्हाई."

"मशिनचं कायतरी चुकलं असंल," भाऊसो म्हणाले. पाचावर धारण बसली होती.

तिनं पिशवीतून त्यांचाच अहवाल काढला आणि शेवटची ओळ वाचली. "संगणकाचे घड्याळ अचूक असून मशिन खोटे बोलत नाही. सही, भा. जगदाळे."

एक संचालक खोकले. अधिकाऱ्यांनी एकोणतीस ऑक्टोबरचा गेटपास मागवला. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्रपाली बनसोडे सांगलीस प्रिंटरच्या रिबनी आणण्यासाठी बाहेर. पाठवणार, भाऊसो जगदाळे. परत, संध्याकाळी सात. मग त्यांनी खोलीच्या दाराची वही मागवली. दार उघडणाऱ्यानं वेळ लिहून सही करायची, हा भाऊसोंनीच घालून दिलेला नियम. एकोणतीस तारखेच्या पानावर, सवयीनं, सुवाच्य अक्षरात : ‘३.३० ते ५.१५, एकटा. भा. जगदाळे.’ पाप तेरा तारखेचं म्हणून दाखवायचं होतं, तेव्हा एकोणतिशीचं पान कधी कुणी उघडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "जगदाळे, तुम्ही जरा बाहेर बसा."

भाऊसो उठले. बाहेर शिपायाशेजारी एकच बाक होता, त्यावर बसले. पायांत चपला घालायचं राहून गेलं होतं. आम्रपालीनं दारातून ते पोटभर पाहिलं. तिला दया आली नाही. पुढंही कधी आली नाही, आणि यावी असं तिनं कधी ढोंगही केलं नाही.

अधिकाऱ्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला. कु. बनसोडे यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही, त्यांना पूर्ववत कामावर घ्यावे. मग ते मान वर करून मऊ आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही नागपूरच्या गाडीत होता, हे आता आम्ही ग्राह्य धरतो. या, सही करा."

तिनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं, आणि थांबली. सूड पुरा झाला असं तिला आतापर्यंत वाटत होतं. तो झाला नव्हता.

"आता का धरता, साहेब?"

"म्हणजे?"

"हेच माझ्या आईनं जानेवारीत सांगितलं. ह्याच खोलीच्या शेजारी बसून. तवा ते खरं न्हवतं, आन् आज ह्या डब्यानं सांगितलं म्हणून खरं झालं?"

अधिकारी अवघडले. "अहो, तो भाग आता महत्त्वाचा नाही. तुम्ही सुटलात ना."

"मी सुटले. ती न्हाई सुटली." तिनं पेन खाली ठेवलं. "जानेवारीचा कागद काढा. आई खरं बोलली हुती असं लिहा. त्याबिगर मी सही करत न्हाई. नोकरी ठेवा तुमची."

संचालक म्हणाले, "बाई, ताणू नका." दाराशी रंगुबाई म्हणाली, "आमे, ऱ्हाऊ दे गं." आम्रपाली कुणाकडंच बघेना. ती अधिकाऱ्यांकडं बघत होती, भाऊसोंकडं बघत होती तशीच.

शेवटी म्हाताऱ्या वकिलांनी स्वतः जानेवारीची फाईल काढली, ते पान उघडलं आणि ‘विश्वासार्ह नाही’वर रेघ मारायला पेन नेलं.

"खोडू नका," ती म्हणाली. "ते तसंच दिसू द्या. त्याच्या खाली नवं लिहा. आन् येळ घाला. कवा लिहिलं ते कळाय पायजे."

त्यांनी लिहिलं, आणि या वेळी कुणी न सांगता मोठ्यानं वाचलं : साक्षीदार श्रीमती रंगुबाई बनसोडे यांनी सांगितलेले खरे होते. वरील शेरा माझा चुकीचा होता. खाली आपली सही केली, तारीख घातली. मग मनगट वळवलं, जरा थांबले, आणि मनगटावरचं सोडून मशिनच्या पडद्यावरचं बघून लिहिलं : दुपारी तीन वाजून आठ मिनिटे.

"इथं तुमचीही सही लागेल, आई," ते म्हणाले.

रंगुबाईनं चपला भिंतीशी ठेवल्या, पदर सावरला, पुढं आली. पेन धरून तिनं सावकाश अक्षरं काढायला सुरुवात केली. र काढला, त्यावर टिंब दिलं, आणि गु काढता काढता, मान वर न करता, कागदाशीच बोलावं तसं सांगू लागली,

"आकुल्याला गाडी लय येळ थांबली हुती बगा, सायेब. ही खाली उतरून पानी घिऊन आली. मला वाटलं, गाडी सुटती आता."

अधिकाऱ्यांनी पुढची खुर्ची ओढून तिला बसायला दिली, आणि तिचं सांगून होईपर्यंत ते ऐकत राहिले.